टॅक्स वाढला, मग शाळेचे पैसे का नाही वाढले? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की टेक्सास सरकार दर मुलामागे जे पैसे देतं ते पुरत नाहीत, म्हणून आमच्या डिस्ट्रिक्टने (म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेने) लायब्ररीतली माणसं कमी केली आणि वर्ग मोठे केले. त्यावर तुम्ही लिहिलंत, "हे रडगाणं पुरे. घराचं मूल्यांकन वाढलं, माझा टॅक्स वाढला, तो शाळेलाच जातो. स्टेडियम बांधायला बरे पैसे असतात! आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत एका खोलीत दोन वर्ग बसून शिकलो."

तुमचा राग मला समजतो, कारण पहिली काही वर्षं मीही असंच धरून चाललो होतो. पण वाढलेला टॅक्स शाळेला मिळतो, हे खरं नाही.

डिस्ट्रिक्टला किती पैसे मिळायचे हे आपल्या घरांवरून ठरतच नाही. ते मुलांवरून ठरतं. 2019 साली विधिमंडळाने दर मुलामागे 6,160 डॉलर हा मूळ आकडा ठरवला. मूल गरीब घरातलं असेल, इंग्रजी शिकत असेल, त्याला विशेष शिक्षणाची गरज असेल, तर त्यावर वाढीव रक्कम. समजा हे सगळं धरून एका लहान डिस्ट्रिक्टचा हिशोब 80 लाखांचा झाला. आधी स्थानिक टॅक्स मोजतात, तो निघाला 50 लाख. उरलेले 30 लाख राज्य देतं. पुढच्या वर्षी घरं महागली आणि टॅक्स 60 लाख जमला, तर राज्य 20 लाखच देतं. बेरीज तीच, 80 लाख. तुमच्या खिशातून जास्त गेले ते खरं, पण त्यातून सुटका झाली राज्याच्या तिजोरीची. आणि टॅक्स 80 लाखांच्याही वर गेला, तर वरचे पैसे राज्य परत घेतं. राज्याची राजधानी ऑस्टिन, तिथलं डिस्ट्रिक्ट वर्षानुवर्षं असे पैसे भरत आलंय.

ही पद्धत मुळातच चुकीची आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. सॅन अँटोनियोत एजवूड नावाचं गरीब वस्तीचं डिस्ट्रिक्ट आहे. तिथल्या पालकांनी 1968 मध्ये दावा लावला आणि 1973 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात तो 5 विरुद्ध 4 मतांनी हरला. पुन्हा दावा लागला, या वेळी राज्याच्या न्यायालयात. एजवूडमध्ये दर मुलामागे 38,854 डॉलरची मालमत्ता होती आणि त्याच काउंटीतल्या अलामो हाइट्समध्ये 5,70,109 डॉलरची. 1989 मध्ये टेक्सासच्या नऊच्या नऊ न्यायाधीशांनी हे घटनेत बसत नाही म्हणून सांगितलं. त्या मुलांसाठी वाटप सारखं करावंच लागणार होतं. माझी तक्रार आहे ती आकड्याबद्दल. 6,160 हा आकडा 2025 पर्यंत जागचा हलला नाही. या सहा वर्षांत किराणा आणि विमा कुठे गेला ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. 2025 मध्ये शिक्षकांच्या पगारासाठी वेगळे पैसे दिले, ते चांगलंच झालं. पण मूळ आकड्यात वाढ किती? 55 डॉलर.

स्टेडियमचं थोडक्यात सांगतो. टॅक्सच्या बिलात शाळेचे दोन दर असतात, एक रोजच्या खर्चाचा आणि एक कर्जफेडीचा. डॅलसजवळच्या ॲलन गावचं 6 कोटी डॉलरचं स्टेडियम मतदारांनी मंजूर केलेल्या कर्जातून झालं. त्या पैशातून शिक्षकाचा पगार देता येत नाही, तशी कायद्यानेच मनाई आहे. मतदानाला गेलात तर हा राग तिथे जरूर काढा.

आता तुमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेबद्दल. तिथे शिक्षक मंजूर होतात ते पटावरून, संचमान्यतेत (किती शिक्षक द्यायचे हे ठरवण्याच्या सरकारी हिशोबात). टेक्सासमध्ये पट नाही, हजेरी मोजतात. रोज सकाळी एका ठरलेल्या वेळी मूल बाकावर आहे की नाही, एवढंच बघतात. पटावर हजार नावं असली आणि रोज सरासरी 930 मुलं आली, तर पैसे 930 चेच. शिक्षक, बस, वीज मात्र हजारांसाठी लागते. महाराष्ट्रात 2011 च्या पटपडताळणीत पटावर किती खोटी नावं निघाली ते आठवलं की हजेरी मोजण्यामागचा विचार पटतो. तरीही ज्या वस्तीत मुलं जास्त आजारी पडतात, आईवडिलांच्या शिफ्टमुळे शाळा बुडते, तिथलेच पैसे यात कापले जातात, आणि ते मला सहन होत नाही.

आपल्या घरातलंच बघा. डिसेंबरच्या सुट्टीला दहा दिवस जोडून आपण भारतात जातो. साधारण 175 दिवसांचं वर्ष धरलं तर एका मुलाचा दिवस सुमारे 35 डॉलरचा, म्हणजे शाळेचे साडेतीनशे डॉलर गेले. मीही दोनदा असं केलंय, तेव्हा मला हे माहीत नव्हतं. दिवाळीचं वेगळं आहे. धार्मिक सणासाठी आधी चिठ्ठी दिली आणि बुडालेला अभ्यास पूर्ण केला, तर कायद्याने ती हजेरीच धरतात. डेंटिस्टकडे नेऊन त्याच दिवशी मुलाला परत शाळेत सोडलं आणि डॉक्टरची चिठ्ठी दिली, तरी हजेरी लागते. आमच्या शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनी मला हे काउंटरवर कागद पुढे सरकवून समजावलं होतं.

तुम्ही शेवटी विचारलंत, "मग पैसे मागायचे कुणाकडे?" डिस्ट्रिक्टच्या बोर्डाकडे नाही, त्यांच्या हातात हा आकडा नाही. तो ऑस्टिनमध्ये ठरतो. विधिमंडळाचं नियमित अधिवेशन विषम वर्षातच, जानेवारीपासून जास्तीत जास्त 140 दिवस चालतं. आपल्या आमदाराच्या ऑफिसला त्याआधी फोन करायचा. मी करणार आहे. तुम्हीही केलात, तर वाढलेला टॅक्स आणि 55 डॉलर हे दोन्ही आकडे त्यांना ऐकवा.