भारतीय पासपोर्टवर ज्यूरीत

इंग्लंडमध्ये लेस्टरला घरी ज्यूरीचं, म्हणजे खटल्यात आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटात बसायचं, समन्स आलं तेव्हा पुण्याहून दादाने फोनवर विचारलं, "तू तर अजून भारतीय नागरिक. तुला कसं बोलावतात?" प्रश्न रास्त होता. अमेरिकेत ग्रीन कार्डवाल्याला ज्यूरीत बसता येत नाही. इंग्लंडमध्ये नाव मतदार यादीत हवं, वय 18 ते 75 आणि तेराव्या वर्षानंतर किमान 5 वर्षं वास्तव्य हवं. राष्ट्रकुलातले म्हणून आम्हाला इथे मत आहे, आणि मतामागून ज्यूरी आलीच.

दादाचं म्हणणं असं, की आपल्याकडे ज्यूरी गेली ते बरं झालं, नानावटी आठव. 1959 साली मुंबईत ज्यूरीने पत्नीच्या प्रियकराच्या खुनाचा आरोप असलेले नौदल अधिकारी नानावटी यांना 8 विरुद्ध 1 मतांनी निर्दोष ठरवलं आणि पुढे हायकोर्टाने त्यांना जन्मठेप दिली. सामान्य माणूस वाहवत जातो, हा त्यातून घेतलेला धडा मला अपुरा वाटतो. त्याच मुंबईत 1908 साली टिळकांपुढे 7 युरोपियन आणि 2 पारशी बसवले होते. लेख 'केसरी'तले, मराठी. मराठी न जाणणारे लोक भाषांतरावरून राजद्रोह ठरवणार, म्हणून टिळकांच्या बाजूने अशा खास ज्यूरीला विरोध झाला. कोर्टाने मानला नाही. 7 विरुद्ध 2, आणि मंडाले. ज्यूरीत कोणाला घ्यायचं हे ज्यांच्या हातात होतं, तिथेच निकाल ठरला.

इंग्लंडमध्येही 1970च्या दशकापर्यंत मालमत्तेची अट होती, त्यामुळे पुष्कळ बायका बाहेरच राहत. मग 2004 पासून सवलतीही गेल्या. न्यायाधीश, वकील, पोलीस, पाद्री आता ज्यूरीत बसतात. मी डॉक्टर, पूर्वी मला नुसतं "नको" म्हणून सुटता आलं असतं. आता सहसा फार तर तारीख पुढे मिळते. मी दोन आठवड्यांची ओपीडी सहकाऱ्यांवर सोपवून गेले, आणि जायलाच हवं होतं. शिकलेल्यांनी अंग काढून घ्यायचं आणि उरलेल्यांच्या निकालाला नावं ठेवायची, हे मला पटत नाही.

पोलिसांबद्दल मात्र माझं मन अजून मानत नाही. साक्षीला पोलीस उभा असताना ज्यूरीतल्या पोलिसाला त्याचाच शब्द खरा वाटला तर? 2007 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सर्वोच्च न्यायालयाने, अशाच कारणावरून एक शिक्षा रद्द केली होती. ती एक सूट परत द्यावी. आम्हा डॉक्टरांना देऊ नये.