मेलेली बॅटरी एप्सम सॉल्टने उठत नाही

‘इन्व्हर्टरची मेलेली बॅटरी भंगारात देऊ नका. प्रत्येक सेलमध्ये दोन चमचे एप्सम सॉल्ट विरघळवून घाला, रात्रभर चार्जिंगला लावा, बॅटरी नव्यासारखी चालेल. कंपन्या हे लपवतात.’ लाइट जायला लागली की हा मेसेज पुन्हा फिरायला लागतो. बॅटऱ्या दुरुस्त करणं हेच माझं काम, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सॉल्टने सल्फेट विरघळतं म्हणे. बॅटरी उतरलेलीच पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचा कडक पांढरा थर धरतो, इथवर खरं. पण एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. उतरलेल्या बॅटरीतल्या पातळ अ‍ॅसिडमध्ये बाहेरून आणखी सल्फेट घातलं, तर लेड सल्फेट उलट कमी विरघळतं. काही कंपन्या थोडं सोडियम सल्फेट कारखान्यातच घालतात ते याच गुणासाठी: पूर्ण उतरलेल्या बॅटरीत शिसं विरघळून प्लेटा आतून शॉर्ट होऊ नयेत म्हणून. धरलेला थर त्याने निघत नाही.

या उपायाच्या व्हिडिओत व्होल्टेज वाढलेला दिसतो, तो रात्रभरच्या मंद चार्जिंगने. नुसत्या उतरलेल्या बॅटरीला सॉल्टशिवायही तेवढ्याने जान येते. चार्जर काढल्या काढल्या १२.६ व्होल्ट दिसले म्हणून हुरळू नका. दोन पंखे लावा आणि घड्याळ बघा, किती वेळ चालतात ते. अ‍ॅसिड किती जड आहे ते मोजणाऱ्या हायड्रोमीटरवरही भरवसा नको, कारण सॉल्ट घातलं की पाणी जड होतं आणि आकडा उगाच वर दाखवतो.

तीन-चार वर्षं रोज वापरलेल्या बॅटरीचं दुखणं तर बहुधा वेगळंच असतं. अशी बॅटरी फोडली की तळाला बोटभर तपकिरी गाळ निघतो. प्लेटांवरून गळून पडलेला मसालाच तो. पॉझिटिव्ह प्लेटची शिशाची काडी चिमटीत धरली तर बिस्किटासारखी तुटते. झिजलेलं शिसं कुठल्या पावडरीने भरून येणार?

‘कंपन्या लपवतात’ हेही खोटं. अमेरिकेत जेस रिची बॅटरीत घालायची एडी-एक्स२ नावाची पावडर विकत होता. तिच्यात मुख्यतः सोडियम आणि मॅग्नेशियमची सल्फेटं होती. सरकारी प्रयोगशाळेने, नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने, तिचा उपयोग नाही असं सांगितलं, तर १९५३ मध्ये संचालक अ‍ॅलन अ‍ॅस्टिन यांचाच राजीनामा मागितला गेला. शास्त्रज्ञ खवळले आणि अ‍ॅस्टिन पदावर राहिले. नॅशनल अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसच्या समितीनेही त्याच वर्षी पावडर निरुपयोगी ठरवली. सगळं जाहीर झालेलं आहे.

खाण्याचा सोडा तर आत कधीच घालू नका. तो अ‍ॅसिडच मारतो, वर फेस येऊन अ‍ॅसिड अंगावर उडतं ते वेगळं. टर्मिनलवरची पांढरी बुरशी धुवायला मात्र तो उत्तम, फक्त झाकणं घट्ट बसवून.

आयुष्य वाढवायचं ते बॅटरी नवी असतानाच. पाणी डिस्टिल्डच, नळाचं नको, आणि टॉपअपला अ‍ॅसिड तर मुळीच नको. लाइट आली की पूर्ण चार्ज होऊ द्या. महिनाभर गावाला जाणार असाल तर आधी पूर्ण चार्ज करून ठेवा. आणि बॅकअप कमी झाला की काहीही ओतण्याआधी सहाही सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे हायड्रोमीटरवरचा आकडा, तपासून घ्या. पाच सेल १.२४ आणि एकच १.१० दाखवत असेल, पूर्ण चार्ज देऊनही तो सेल वर येत नसेल, तर तो गेला. अशी बॅटरी एक्स्चेंजला द्या, शिशाचे पैसे तरी मिळतील.