25 मिमी पाऊस, शून्य शक्यता आणि तुमचा आक्षेप

दादा, एवढं मनापासून लिहिलंत, बरं वाटलं, म्हणून उत्तरही जरा लांबणार. तुमचं म्हणणं असं की 'ठाण्यात उद्या बरोब्बर 25 मिमी पाऊस पडण्याची शक्यता शून्य' हे माझं वाक्य चूक, कारण मग प्रत्येकच आकड्याची शक्यता शून्य, आणि शून्यं कितीही मिळवली तरी एकूण शक्यता 1 होत नाही, शिवाय पावसाच्या नोंदीत 25.0 सरळ लिहिलेलं सापडतं.

नोंदीचं आधी. तिथे रीडिंग 0.1 मिमीपर्यंतच घेतात, त्यामुळे 25.0 म्हणजे साधारण 24.95 ते 25.05 च्या मधे कुठेतरी. त्या पट्ट्याला शक्यता आहेच. नोंदवही डिस्क्रीट असते, म्हणजे तुटक आकड्यांची, मी बोलत होतो कंटिन्यूअस मॉडेलबद्दल, जिथे मधला कुठलाही आकडा चालतो.

बेरजेचा मुद्दा मात्र फार महत्त्वाचा, तो विचारलात हे उत्तम. रशियन गणिती कोल्मोगोरोवने 1933 मध्ये संभाव्यतेचे नियम मांडले त्यात शक्यतांची बेरीज करायची मुभा आहे ती पहिली, दुसरी, तिसरी असे नंबर लावता येतील अशाच, एकाच वेळी घडू न शकणाऱ्या घटनांची, मग त्या अनंत असल्या तरी चालतील. पण 0 ते 100 मधल्या सगळ्या वास्तव संख्यांना (दशांशातल्या, अनंत अंकांच्याही) असे नंबर लावताच येत नाहीत, जर्मन गणिती कँटरने हे 1874 मध्येच सिद्ध केलं होतं. म्हणजे तुम्ही जी बेरीज करताय ती करायला नियमच नाहीये, आणि म्हणूनच इथे शून्य म्हणजे अशक्य असं होत नाही.

शक्यता मिळते ती पट्ट्याला. समजा 25 च्या आसपास डेन्सिटी, म्हणजे दर एककामागे शक्यता किती दाट आहे ते माप, दर मिमीला 0.01 आहे, तर 24.5 ते 25.5 ची शक्यता साधारण 0.01. आता हाच पाऊस मीटरमध्ये मोजा, डेन्सिटी होते दर मीटरला 10! डेन्सिटी 1 च्या वर गेली की लोक दचकतात, पण पट्टा आता 0.001 मीटरचा, गुणाकार तोच 0.01. डेन्सिटी ही शक्यता नव्हे, एवढं पक्कं धरलं की निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

आणि एका आकड्यापुरतं तुमचं बरोबर आहे, तो म्हणजे 0 मिमी. फेब्रुवारीत ठाण्यात किंवा घणसोलीत बहुतेक दिवस कोरडेच, तिथे त्या एकट्या शून्यावर शक्यतेचा मोठा ढीग असतो आणि कुठलाही सलग कर्व्ह तो दाखवू शकत नाही. म्हणून पावसाचं मॉडेल बऱ्याचदा दोन टप्प्यांत करतात, आधी पडला की नाही हे डिस्क्रीट, आणि पडला तर किती यासाठी गॅमासारखं, फक्त शून्याच्या वरचे आकडे देणारं, कंटिन्यूअस वितरण.