बाकावरची तीन वर्षं

आज सकाळी दादाचा फोन आला. पुतण्या कॉलेजच्या फुटबॉल संघात आहे. तिसरं वर्ष, अजून राखीवच. दादा म्हणाला, "तीन वर्षं बाकावर बसून काय कमावलं त्यानं? आता बास. बूट माळ्यावर टाक म्हणून सांगितलंय." पोरगं तिथंच उभं होतं, सगळं ऐकत. दिवसभर ऑफिसात काम केलं, पण हे काही डोक्यातून जाईना.

जुन्या मित्रांना माहीत आहे, २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी एमएस करायला अमेरिकेत लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत गेलो. गाव बॅटन रूज. ओळखीचं कुणी नाही, खोलीत एकट्यानं मॅगी खायची. एका शनिवारी बाहेर पडलो तर अख्खा कॅम्पस जांभळा आणि सोनेरी. जागोजागी तंबू, मोठाली पातेली चढवलेली. मॅच संध्याकाळची, माणसं सकाळपासून. एका तंबूतल्या आजोबांनी हाक मारली, जेवलास का विचारलं, घडीची खुर्ची उघडून दिली आणि जांबालायाची, म्हणजे तिकडच्या मसालेभाताची, ताटली हातात ठेवली. नाव त्यानंतर विचारलं. कोल्हापुरात पाटाकडील विरुद्ध दिलबहार फुटबॉल मॅच असली की शाहू स्टेडियमवर दुपारपासून जागा धरणारा मी. त्या खुर्चीत बसल्यावर पहिल्यांदा वाटलं, ही आपलीच माणसं.

तो खेळ आपला फुटबॉल नव्हे, अमेरिकन फुटबॉल. मला तो आजोबांनीच शिकवला. चार प्रयत्नांत दहा यार्ड, तिथपासून. मग नऊ नंबरची जर्सी दाखवून म्हणाले, याचं नाव जो बरो, पास टाकणारा मुख्य खेळाडू, ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीतून आलाय, तिथं तीन वर्षं बसून होता. मी विचारलं, म्हणजे खेळाडू बरा नाही? ते म्हणाले, "बसला होता म्हणजे बघत होता."

दादा, ओहायोतल्या त्या तीन वर्षांत बरोनं मिळून ३९ पास टाकले होते. एकोणचाळीस! आणि २०१९ च्या त्या एका सीझनमध्ये त्याने ६० टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, दिले. तेवढे कॉलेज फुटबॉलच्या सर्वांत वरच्या पातळीवर तोवर कुणी दिले नव्हते. संघ १५ पैकी १५ मॅच जिंकला. एका सीझनमध्ये ७२६ गुण, तोही विक्रम. आणि प्रशिक्षक कोण? एड ऑर्जरॉन. आधीच्या एका कॉलेजात तीन वर्षांत १० विजय, २५ पराभव, आणि नारळ. दुसरीकडे हंगामी म्हणून संघ सावरला, तरी कायम केलं नाही. त्याच्या घोगऱ्या आवाजाची, खेडवळ बोलीची लोकांनी टिंगल केली. तो लुइझियानातलाच, लारोझ नावाच्या लहानशा गावातला. म्हणजे बाकावर बसवलेला पोरगा आणि दारातून परत पाठवलेला माणूस, या दोघांच्या जोरावर ते वर्ष उभं राहिलं. काय कमावलं म्हणे!

हो, खेळाडूंच्या नव्या ड्रेसिंग रूमवर आणि इमारतीवर २८ दशलक्ष डॉलर खर्च झाले आणि ग्रंथालय गळत होतं, ही टीका खरी आहे. पुढच्या वर्षी संघ ५-५ वर आला, हेही खरं.

पण ९ नोव्हेंबरची ती दुपार मी विसरू शकत नाही. अलाबामा युनिव्हर्सिटीशी सामना, तोही त्यांच्या मैदानावर. त्यांच्याकडून सलग आठ वेळा हरलेलो. (हरलेलो असंच लिहितोय. ते आठही पराभव माझ्या आधीचे आहेत, पण तोवर मी त्यातलाच झालो होतो.) आजोबांच्या घरी टीव्हीसमोर बसलो होतो. ४६-४१. जिंकल्यावर घरात ओरडाआरडा, आणि आजोबा एकटेच ओसरीवर जाऊन उभे. मी मागं गेलो तर डोळे पुसत होते. मला बघून काही बोलले नाहीत, तीच घडीची खुर्ची पायानं माझ्याकडे सरकवली.

डिसेंबरमध्ये बरोला हाइझमन करंडक, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळाला. भाषणात त्यानं आपल्या भागातली गरिबी सांगितली, शाळेतून घरी गेल्यावर ज्यांच्या ताटात फारसं काही नसतं त्या पोरांबद्दल बोलला. लोकांनी त्याच्या गावाकडच्या अन्नछत्राला लाखो डॉलर पाठवले. मला वाटतं, मैदानाबाहेर बसलेल्यालाच असं दिसतं. स्टार खेळाडूला पाठीमागचे कुठे दिसतात?

आता हे लिहिताना राग उतरत चाललाय. दादा, तूही खेळायचास. बाबा गेल्यावर तू बूट काढलेस आणि दुकानात बसलास. माझी फी, माझं विमानाचं तिकीट, सगळं त्या दुकानातून आलं. मी त्या खुर्चीत बसून जांबालाया खात होतो तेव्हा तू गल्ल्यावर होतास. त्यामुळे तुला सुनवायचा अधिकार मला किती, माहीत नाही. तुझे बूट माळ्यावरच गेले होते ना? त्याचेही तिथंच जावेत असं तुला मनापासून वाटत असेल, हे मला पटत नाही.

आजोबा २०२१ मध्ये गेले. मुलीनं मेसेज केला होता. नंतर तिनं तंबूचा फोटो पाठवला, खुर्ची तशीच, उघडलेली.

रविवारी पुतण्याची मॅच आहे. मी शनिवारी रात्रीच्या गाडीनं कोल्हापूरला येतोय. त्याला उतरवलं नाही तरी पूर्ण वेळ थांबणार. वहिनींना सांग, जेवण आल्यावर करीन. आणि ते बूट तेवढे माळ्यावरून काढून ठेव.