घट्ट लाव्हा हळू सरकतो, पण म्हणून तो निर्धोक ठरत नाही

गेले काही आठवडे व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतो आहे. मी भूशास्त्र शिकवते, त्यामुळे विद्यार्थ्यांपासून नातेवाइकांपर्यंत अनेकांनी तो मला पाठवून ‘हे खरं का?’ असं विचारलं. थोडक्यात त्याचं म्हणणं असं: पातळ लाव्हा नदीसारखा धावतो, तोच घातक. घट्ट लाव्हा ज्वालामुखीच्या तोंडाशीच साचतो, बुचासारखा बसून स्फोट थांबवतो, उद्रेक संपताच गोठतो आणि मुंगीच्या पावलांनी येत असल्यामुळे त्याच्यापासून कुणाला भय नाही. शेवटी एक पुस्ती: आपल्या दख्खनमध्ये असला लाव्हा कधी आलाच नाही.

आधी ‘तोंडाशीच साचतो’ हे घेऊ. लाव्ह्याला घट्टपणा येतो मुख्यतः सिलिकामुळे, म्हणजे वाळूत असतं त्या द्रव्यामुळे. बेसॉल्ट या पातळ लाव्ह्यात ती निम्म्याच्या आसपास असते, रायोलाइट या घट्ट लाव्ह्यात सुमारे ७० टक्के किंवा जास्त. शिवाय रायोलाइट बेसॉल्टपेक्षा दोन-तीनशे अंशांनी थंड असतो. त्यामुळे तो लाखो पटींनी चिवट होतो, पण वाहतो. चिलीमधल्या कोर्दोन काउये या ज्वालामुखीचा उद्रेक ४ जून २०११ रोजी सुरू झाला आणि त्याच महिन्यात तिथून असा घट्ट लाव्हा बाहेर पडू लागला. तीस-चाळीस मीटर जाडीचा तो प्रवाह दिवसाला काही मीटर सरकत तीन किलोमीटरांहून लांब गेला. बाहेरून पाहिलं तर नुसता काळ्या दगडांचा ढिगारा दिसतो. वरचं कवच तडकून त्याचे घराएवढे धोंडे होतात, ते प्रवाहाच्या पुढच्या टोकावरून खाली गडगडतात आणि मागून येणारा प्रवाह त्यांच्यावर चढतो.

‘बूच बसलं की स्फोट थांबतो’ हा दावाही याच ज्वालामुखीने खोडून काढला. जानेवारी २०१२ मध्ये शास्त्रज्ञ तिथे पोचले तेव्हा एकाच मुखातून राखेचे फवारेही उडत होते आणि लाव्हाही निघत होता. स्वयंपाकघरातलं उदाहरण घ्या. आमटी उकळते तेव्हा बुडबुडे सहज फुटतात. पिठलं मात्र रटरटतं आणि त्याचा चटका हाताला बसतो, कारण घट्ट पदार्थातून वाफेला सहज वाट मिळत नाही. घट्ट शिलारसातही, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकातही, वायू अडकतात, दाब वाढतो आणि रस काचेसारखा तडकतो. त्या भेगांतून वायू आणि राख निसटते. पण रस अजून तप्त असल्यामुळे भेगा पुन्हा सांधतात, पुन्हा फुटतात. अशा रीतीने बराचसा वायू निघून गेलेला रस लाव्हा होऊन बाहेर सरकतो. बूच आणि गळती एकाच ठिकाणी असतात, हे मला या विषयातलं सगळ्यात विलक्षण वाटतं.

‘उद्रेक संपताच गोठतो’? कोर्दोन काउयेतून नवा लाव्हा येणं २०१२ च्या पूर्वार्धात थांबलं, तरी जानेवारी २०१३ मध्ये प्रवाह पुढे सरकतच होता. राखेखाली निखारा रात्रभर धगधगतो, तसंच हे. दगडाचं कवच उष्णता आत कोंडून ठेवतं, आतला रस वाहता राहतो आणि जिथे कवच फाटतं तिथून नवी जीभ बाहेर काढतो.

आता ज्या दाव्यामुळे मी हे लिहायला बसले, तो: ‘हळू येतो, म्हणून भय नाही’. अशा प्रवाहाच्या पुढच्या टोकापासून माणूस चालत दूर जाऊ शकतो, एवढं खरं आहे. पण माणसं दगावतात ती वेगळ्याच कारणाने. जपानमधल्या उन्झेनवर मे १९९१ मध्ये डेसाइट या घट्ट लाव्ह्याचा घुमट वर येऊ लागला. घुमट वाढत जातो तशा त्याच्या कडा उतारावर लोंबतात, स्वतःच्याच वजनाने ढासळतात आणि आतला तप्त भाग फुटून खडक, राख आणि वायूंचा लोट डोंगरावरून सुटतो. घुमटाची वाढ डोळ्यांना जाणवतही नाही, पण हा लोट धावत्या गाडीला गाठतो. ३ जून १९९१ रोजी असाच एक लोट सुमारे चार किलोमीटर खाली आला आणि ४३ जण गेले. त्यांत पत्रकार होते, अग्निशामक दलाचे लोक होते, टॅक्सीचालक होते. ज्वालामुखींच्या अभ्यासात आयुष्य घालवलेले मोरीस आणि कात्या क्राफ्ट होते, हॅरी ग्लिकन होते. ज्यांना हा धोका जगात सर्वांत चांगला ठाऊक होता, तेही त्यातून सुटले नाहीत. म्हणून ‘भय नाही’ हे वाक्य पुढे पाठवताना कृपा करून थांबा. उन्झेनचा घुमट पुढे १९९५ पर्यंत वाढत होता आणि त्या काळात असे हजारो लोट उतरले. २५ जून १९९७ रोजी कॅरिबियनमधल्या माँटसेराट बेटावरही असाच वाढता घुमट ढासळला आणि १९ जणांचा बळी गेला.

राहता राहिली दख्खनची पुस्ती. सह्याद्रीचे बहुतेक थर पातळ बेसॉल्टचे आहेत, हे बरोबर. पण मुंबईच्या उत्तरेला मनोरी-गोराईच्या किनाऱ्यावर जास्त सिलिकाचा, म्हणजे घट्ट लाव्ह्याचा, ट्रॅकाइट नावाचा खडक आहे, सुमारे सव्वासहा कोटी वर्षांपूर्वीचा. बोरिवलीहून गोराईला जाणाऱ्यांनी तो पायाखाली तुडवलेला असतो.