सात मिनिटांचे हीरो

जपानी टीव्हीवरचा महानायक अल्ट्रामॅन १९६६ पासून राक्षसांशी लढतोय, पण पृथ्वीवर त्याला जेमतेम ३ मिनिटं मिळतात. छातीवरचा निळा दिवा लाल होऊन लुकलुकायला लागला की आवरतं घ्यायचं. तोक्यो स्टेशनात शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, झाडणाऱ्यांना ७ मिनिटं मिळतात, आणि माझ्या मते अवघड काम यांचंच. राक्षस निदान बहुतेक वेळा एकच असतो.

गाडी फलाटावर १२ मिनिटं उभी. त्यातली ५ प्रवाशांच्या चढ-उतारात जातात. साध्या डब्यात एका माणसाच्या वाट्याला जवळपास १०० खुर्च्या. पहिल्या दीड मिनिटात कचरा उचलायचा आणि रॅकवर कुणी काही विसरलंय का ते बघायचं. अर्ध्या मिनिटात सगळ्या खुर्च्या फिरवायच्या, कारण गाडी आली तशीच उलटी परत जाणार. पुढची ४ मिनिटं केर, टेबलं, खिडक्यांचे पडदे, डोक्यामागची कव्हरं. शेवटचं मिनिट तपासणीचं.

गणित फसतं ते ओल्या खुर्चीवर. सांडलेलं पाणी गडद कापडावर दिसत नाही, हात फिरवला की कळतं. पुसून ते एवढ्यात वाळणारही नाही, म्हणून गादीच बदलायची. उतरणारे रेंगाळले तर तो वेळही यांच्याच ७ मिनिटांतून कापला जातो.

व्हॉट्सअॅपवर हे सगळं 'जपानी संस्कार' म्हणून फिरतं. मला ते पटत नाही. तेरुओ याबे २००५ मध्ये टेस्सेई या, ह्याच गाड्या झाडणाऱ्या कंपनीत संचालक म्हणून आले, तेव्हा त्याच देशात हे काम हलकं समजलं जायचं आणि माणसं टिकत नव्हती. याबेंनी फलाटाला रंगमंच मानलं. नवा गणवेश आला, उन्हाळ्यात तर हवाईयन शर्ट आणि टोपीला फूल! सहकाऱ्याने काय चांगलं केलं ते नेमकं लिहून कळवायची पद्धतही सुरू झाली. माझ्या लेखी खरी करामत ही. 'छान काम' म्हणून पाठ थोपटणं कुणालाही जमतं; कुणी, काय केलं हे लिहायचं तर आधी बघावं लागतं.

आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२३ पासून वंदे भारतसाठी १४ मिनिटांची सफाई सुरू झाली, प्रेरणा तोक्योचीच. घड्याळ आणलंत, उत्तम. आता ती लिहून कळवायची वहीही आणा.

तोक्योला जाणार असाल तर टेस्सेईचं काम बघायला २० ते २३ नंबरच्या फलाटांवर थांबा. १४ ते १९ वर ओसाकाकडच्या गाड्या लागतात. ती रेल्वे कंपनी वेगळी, सफाईची पथकंही वेगळी.