न ऐकलेल्यांच्या न्यायाबाबत खुलासा

मेळघाटाच्या पायथ्याकडील गावांत सध्या मोबाइलवर एक संदेश फिरत आहे: ‘ज्यांनी येशूचे नावही ऐकले नाही, ते तुमचे सर्व पूर्वज ख्रिस्ती धर्माच्या मते नरकात गेले.’ सर्व ख्रिस्ती लोकांचे मत म्हणून हे विधान चुकीचे आहे.

बायबलमधील रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 2ऱ्या अध्यायात येशूचा प्रेषित पौल म्हणतो की, ज्यांच्याकडे नियमशास्त्र (मोशेद्वारे यहुद्यांना मिळालेल्या देवाच्या आज्ञा) नाही, त्यांच्याही अंतःकरणावर त्यातील आज्ञांचा परिणाम लिहिलेला असतो आणि त्यांचा विवेक त्याची साक्ष देतो. बायबलमधीलच लूकच्या शुभवर्तमानात (12:47-48) येशूने दिलेल्या दाखल्यात धन्याची इच्छा ठाऊक असूनही ती न करणाऱ्या चाकराला पुष्कळ फटके, तर ठाऊक नसलेल्याला थोडे फटके बसतात. ज्याला पुष्कळ दिले, त्याच्याकडूनच पुष्कळ मागितले जाते. कोरडवाहू वावराकडून ओलिताच्या पिकाचा हिशेब कोणी मागत नाही, हे आपल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. (फटके थोडे असले तरी आहेत, हेही नजरेआड करू नये.)

कॅथलिक चर्चने तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेच्या) 1964 सालच्या दस्तऐवजात स्पष्ट म्हटले आहे की, स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान, म्हणजे येशूचा संदेश, कळले नाही, परंतु जे प्रामाणिकपणे देवाचा शोध घेतात आणि विवेकानुसार वागतात, त्यांनाही तारण, म्हणजे पापातून सुटका, मिळू शकते.

काही प्रोटेस्टंट पंथ मात्र येशूवरील उघड विश्वासाशिवाय तारण नाही असे मानतात. संदेशात त्यांचेच मत सर्वांच्या नावावर खपवले आहे.